खांबेटे सरांची कडी

रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी खांबेटे सरांचं गेट ओढून बघितलं. घट्ट होतं. सर आतून म्हणाले, "पास." मी माझ्या घरी आलो, ते त्यांच्या घरात गेले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. पण हे काम आम्ही सहा वर्षं रोज केलं. पावसात केलं, थंडीत मफलर बांधून केलं, सिंहस्थाच्या गर्दीत रस्ते बंद होते तेव्हाही केलं. सर आतून कडी लावायचे. एकदा स्वतः ओढून बघायचे. मग कुंपणावरून हाक यायची, "काशिनाथराव, जरा ओढून बघता का?"

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आत्ता तर तुम्हीच ओढलं की."

"ज्यानं लावली त्यानं तपासायची नाही. लावणाऱ्याला आपली कडी लागलेलीच दिसते."

एकदा माझे गुडघे धरले होते. ओट्यावरूनच ओरडलो, "लागलीय, सर!" तर म्हणे, "न बघता पास करायचं नाही, काशिनाथराव." गेलो लंगडत. ओढलं. "पास."

मला 'राव' म्हणणारा आख्ख्या नाशकात हा एकच माणूस. आणि जो आपल्याला उगाच राव म्हणतो त्याच्यावर लक्ष ठेवावं, एवढं मला चौथीपर्यंतच्या शाळेत नाही, पण फूलबाजारात नक्की शिकायला मिळालं होतं.

म्हणून मी लक्ष ठेवलं. सुरुवातीपासून ठेवलं.

मखमलाबाद रस्त्याला आमची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडे निशिगंधाचे वाफे. वाटण्या झाल्या, शहर अंगावर आलं, आजूबाजूला प्लॉट पडले. माझ्याकडे राहिले पाच गुंठे आणि दोन खोल्या. शेजारचा प्लॉट खांबेटे सरांनी घेतला आणि घर बांधलं. आता, ज्याने एक प्लॉट घेतला त्याची नजर शेजारच्यावर असते, हे मला समोरच्या निकमभाऊंनी सांगितलं. निकमभाऊ पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. बायको गेलेली, पोरं बंगलोरला. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्याची पाहणी करायची, हेच त्यांना काम.

"नाना," ते म्हणाले, "एकटा माणूस. लग्न नाही, कार्य नाही. परदेशात चार वर्षं राहून आलाय म्हणे. असला माणूस मखमलाबाद रस्त्यावर कशाला येईल? जमीन बघायलाच ना?"

मी सरांना सरळ विचारलं, "तुम्ही करता काय?"

"सॉफ्टवेअर शिकवतो. इंजिनिअरिंग कॉलेजात."

"म्हणजे कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर नाही. तो वापरणाऱ्या माणसाचं काम समजून कसं घ्यायचं, ते."

"मग परदेश सोडून आलात कशाला?"

"तिथं सगळे मला विचारायचे. मला विचारायचं होतं."

हे काय उत्तर झालं? मी हौसाला सांगितलं. हौसा म्हणजे माझी बायको. ती फुलं ओवत होती, मान वर न करता म्हणाली, "बरं बोलला की. तुमाला कुणी कायबी विचारलं तर तुमी खेकसता. त्याला विचारायचंय, विचारू द्या."

त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे लय मोठी गोष्ट होती. कॉलेजात त्याला थंड हवेची खोली. पोरं चपला बाहेर काढून आत जायची. मला पहिल्यांदा वाटलं आत देव बसवलाय. आणि या माणसाच्या घरात कॉम्प्युटरच नाही! एक फळा, खडूचा डबा, आणि कागदांच्या थप्प्या. मी कुंपणावरून दहा वेळा वाकून बघितलं. मग हा शिकवतो काय?

एके रविवारी त्याच्या अंगणात पंधरा-वीस पोरं-पोरी जमली. मी झेंडूत लपून बघत होतो. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. कुणी तुळशीपाशी उभा, कुणी पायरीवर. सर एक ओळ वाचायचे, की एक पोरगा चिठ्ठी घेऊन पळायचा, दुसऱ्याच्या कानात सांगायचा, दुसरा पाटीवरचं पुसून खडूने नवं काहीतरी लिहायचा. एवढी मोठी दाढीमिशी आलेली पोरं! मधेच एक पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, मी अडकले. मी फिरतेच आहे." सर म्हणाले, "फिर. तूच तसं लिहिलंयस. थांबायचं कधी ते लिहिलंच नाहीस." ती बिचारी तुळशीला सोळा फेऱ्या मारून बसली.

मी धावत घरात आलो. "हौसे, भानामती हाय ती. सांगतो तुला."

हौसा बघायला गेली. अर्ध्या तासाने आली ती पदर तोंडात धरून हसत. "अहो, ती पोरं मशीन झाल्यात. आधी सोता मशीन व्हायचं, मग मशीनला शिकवायचं. मला बी बोलावलं होतं त्यांनी. आकडा सांभाळायचा तिसरा डबा म्या होते."

"तू कशाला गेलीस डबा व्हायला?"

"तुमाला कुणी बोलावलं नाय म्हणून जळता व्हय?"

दसऱ्याला कॉलेजातल्या कॉम्प्युटरला हार लागायचे, ते आमच्याकडून जायचे. एका वर्षी मीच घेऊन गेलो. बघावं म्हटलं. सगळे मास्तर आपापल्या मशीनला हार घालत होते, हळद-कुंकू लावत होते. खांबेटे सरांनी हार घेतला आणि मशीनसमोरच्या रिकाम्या खुर्चीला घातला. प्राचार्य म्हणाले, "अहो खांबेटे, हे काय?" सर म्हणाले, "मशीनला कशाचा त्रास होत नाही. जो होतो तो इथं बसणाऱ्याला." मी घरी येऊन म्हणालो, हा माणूस नोकरीवर फार दिवस टिकत नाही.

टिकला, पण रोज भांडून. पहिले सहा आठवडे पोरांना मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. "आधी विचारा, मग लिहा, मग फाडा." हे त्यांचं ठरलेलं बोलणं. पालक तक्रारी घेऊन यायचे, आमच्या दारात उभे राहून पत्ता विचारायचे. मी पत्ता नीट सांगायचो. म्हटलं, जाऊ द्या, होऊ द्या.

मग तोरणाचा प्रकार झाला, आणि माझा संशय पक्का झाला.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना खरं काम करायचं असतं. सरांनी चार जणांना आमच्याकडे पाठवलं, हौसाच्या हाताखाली. "हौसाबाईंना ऑर्डरी आल्या की किती फुलं लागतील, किती दोरा लागेल, ते मशीननं सांगायचं." ती पोरं आठवडाभर आमच्या ओट्यावर वह्या घेऊन बसली. ती सतत लिहायची. हौसा शिंकली तरी लिहायची. निकमभाऊ समोरून बघत होते. म्हणाले, "नाना, हा सर्व्हे आहे. आज फुलं मोजतायत, उद्या जमीन मोजतील."

हौसाचं माप हातावर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. गिऱ्हाईक म्हणायचं वीस हात तोरण, ती वीस वेळा दोरा हातावर घ्यायची, झालं. पोरांनी पुस्तकात बघितलं आणि लिहून टाकलं, एक हात म्हणजे दीड फूट.

दिंडोरीला लग्न होतं. पोरांनी हौशीने कागद छापून आणला, टेप आणला. म्हणाली, "मावशी, या वेळी आमच्या मापानं करा ना." हौसाचा जीव त्यांच्यावर. केलं. तोरण बांधलं मांडवाच्या दारात. हौसा बुटकी, तिचा हात दीड फुटाला दोन बोटं कमी. वीस हातांचं ते वाढून वाढून इतकं लांब झालं, की मधोमध झोळीसारखं लोंबायला लागलं. नवरदेव घोड्यावरून उतरून आत शिरला आणि त्याचं बाशिंग तोरणात अडकलं. तो पुढं जाईना, मागं येईना. वाजंत्रीवाले थांबेनात. त्याचा मामा ओरडला, "आमच्या पोराला दारातच फास लावता काय?" शेवटी बाशिंगही तुटलं आणि तोरणही.

दुसऱ्या दिवशी खांबेटे सर आमच्या ओट्यावर हात जोडून उभे. "हौसाबाई, चूक पोरांची नाही, माझी आहे. हात कुणाचा, हे विचारायला मी त्यांना शिकवलं नाही."

मग त्यांनी खिशातून पांढरा दोरा काढला. ते स्वतः लांब उभे राहिले. ती तुळशीला फेऱ्या मारणारी पोरगी होती ना, वैशाली तिचं नाव, तिने दोऱ्याचं एक टोक हौसाच्या कोपराशी धरलं, दुसरं बोटाशी नेलं, दोन्हीकडे गाठ मारली.

माझं डोकं फिरलं. "माझ्या बायकोचा हात मोजायचं कारण काय? माझा मोजा!"

सर म्हणाले, "तोरणं तुम्ही करता का?"

"नाय."

"मग तुमचा नको."

हौसा लाजून लाल. म्हणते, "एवढी वर्सं संसार झाला, यांनी कधी मोजला नाय."

तो दोरा सरांनी पाकिटात घालून कॉलेजात नेला. पुढं वैशालीकडून कळलं, दरवर्षी नव्या पोरांच्या पहिल्या तासाला सर तो दोरा काढायचे आणि विचारायचे, "सांगा, हा किती लांब?" पोरं फूटपट्ट्या शोधायला लागायची. सर म्हणायचे, "फूटपट्टी ठेवा. आधी विचारा, कुणाचा." म्हणजे माझ्या बायकोच्या हाताची गोष्ट शेकडो पोरांना माहीत, जी आता कुठं कुठं परदेशात बसलीत. मला हे अजिबात आवडलं नव्हतं. हौसाला फार आवडलं होतं.

हौसा गेली ती भाद्रपदात. तीन दिवस ताप, आणि गेली. झेंडू दसऱ्यासाठी कळीवर आलेला. मी एक फूल तोडलं नाही. सगळा झेंडू झाडावर वाळला, शेवंती पाण्यावाचून गेली. बाजारात जाणं सोडलं. दार लावून बसायचो. कुणी आलं तरी उठायचो नाही.

लोक येऊन बोलून गेले, जे बोलतात ते. खांबेटे सर दहाव्याच्या दिवशी आले. पाकीट काढलं, त्यातला दोरा माझ्या हातात ठेवला.

"याची दुसरी प्रत नाही, काशिनाथराव."

मी चिडलो. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्याकडे हा दोरा घेऊन येतो. म्हणालो, "पोरांना तीन-तीन प्रती ठेवायला सांगता ना?"

"हो."

"मग?"

"याची करावीशी वाटली नाही," म्हणाले आणि गेले.

मी तो दोरा खुंटीला अडकवला. त्याला परत हात लावला नाही.

निकमभाऊ म्हणाले, "आता बघा. महिन्याच्या आत प्लॉट मागतो की नाही."

आणि त्याच आठवड्यात सरांनी गेटला कडी बसवली. आधी त्यांच्या गेटला कडीच नव्हती. दिवसभर सताड उघडं. गाई आत शिरून जास्वंद खायच्या आणि सर त्यांना "आत या" म्हणाल्यासारखे बघत बसायचे. असल्या माणसाने एकदम लोखंडी कडी बसवली, ती पण एवढी जाड. मी दारातूनच निकमभाऊंना म्हणालो, "काय ठेवलंय आत एवढं?"

"सोनं," निकमभाऊ म्हणाले. "अमेरिकेतल्या पोरांनी पाठवलेलं."

त्या संध्याकाळी पहिली हाक आली. "काशिनाथराव, जरा ओढून बघता का?" दहाव्यानंतर मी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडलो, ते त्याला चार शब्द सुनावायला. मी म्हणालो ते आणि ते म्हणाले ते वर सांगितलंच आहे. ओढलं. "पास." दुसऱ्या दिवशी परत हाक. मला कळलं, ओळख वाढवतोय. गोड बोलून एक दिवस विषय काढणार. म्हटलं, काढ, मग दाखवतो. त्याने विषय काढायची मी सहा वर्षं वाट बघितली. रोज साडेसहाला, तयारीनिशी.

एकदा कडी ओढून झाल्यावर म्हणाले, "काशिनाथराव, एक विचारू?"

आलं, म्हटलं. छाती पुढं काढून उभा राहिलो. "विचारा."

"आज जेवलात काय?"

"कशाला हवंय?"

"असंच."

दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पिठलं-भाकरी केली, खोटं बोलायला नको म्हणून.

एकदा मला ताप होता, मी हाकेला ओ दिली नाही. थोड्या वेळाने बघतो तर सर माझ्या दारात, हातात खिचडीचं पातेलं. मी म्हणालो, "गेट पण उपटून आणायचं होतं बरोबर." हसले नाहीत. मी खाईपर्यंत बसून राहिले. जाताना बाहेरून माझ्या दाराची कडी ओढून बघितली आणि स्वतःशीच म्हणाले, "पास." मी पडल्या पडल्या विचार केला, घराची पाहणी करून गेला.

मधल्या काळात सर रिटायर झाले. कॉलेजला आता दोन महिन्यांत पोरं तयार करून हवी होती, यांचे सहा आठवडे फळ्यावरच जायचे. निरोप समारंभाला मी गेलो नाही. नंतर पुण्याहून, कुठून कुठून गाड्या यायच्या, मोठ्या हुद्द्यावरची पोरं व्हरांड्यात जमिनीवर बसून सरांना विचारायची. आणि सर उलट त्यांनाच विचारायचे, "हे ज्याच्यासाठी करताय, त्याला भेटलात का?"

तर हा रविवारपर्यंतचा हिशेब.

सोमवारी सकाळी आठला सरांकडे काम करणारी सिंधू ओरडली, "नाना, ओ नाना! सर उठनात!" बघतो तर ती गेटच्या आत उभी. गेटला आतून कडी तशीच.

"तू आत कशी गेलीस?"

"मागून."

"मागून कुठून?"

"रोजचंच की. मागं कुठं भिंत हाय?"

मी वळसा घालून गेलो. एवढ्या वर्षांत मी त्या घराच्या मागे कधी गेलो नव्हतो. मागच्या बाजूला चार सिमेंटचे खांब होते, तार नव्हती. भिंत कधी बांधलीच नव्हती. एक शेळी शांतपणे कढीपत्ता खात होती. मागचं दारही नुसतं लोटलेलं. कुणीही यावं, काहीही न्यावं, असं घर. आणि न्यायला आत काय? फळा, खडू, कागद.

सर व्हरांड्यात खुर्चीत बसलेले. झोपल्यासारखे.

मी तिथं पायरीवर बसलो. सिंधू रडत होती. मी त्या जाड कडीकडे बघत होतो. सहा वर्षं मी ती तपासत होतो. तपासणी माझी चालली होती, आणि हे न कळणारा मी एकटाच गाढव. त्यांच्या गेटवर रोज माणूस येत होता, तोही मी एकटाच होतो, हे मला सरांना अमरधामात पोचवताना कळलं. पुण्याहून तीस-चाळीस पोरं आली, वैशाली आली, ती आता स्वतः शिकवते. सगळी रडली. रोज साडेसहाला यायला त्यातलं कुणीही जवळ नव्हतं.

मंगळवारी सकाळी उठलो. वाफे कधीच मोडलेत, पण झेंडू हट्टी, पडलेल्या बियांतून दरवर्षी कुठं कुठं उगवतो. तेवढा तोडला. खुंटीवरचा दोरा काढला. पिवळा पडलाय, पण गाठी शाबूत. सुईत दुसरा दोरा ओवला. मला हार करता येत नाही, चार वेळा तुटला. शेवटी झाला. हौसाच्या दोऱ्याने मापला, बरोबर चार हात.

मागून सरांच्या घरात गेलो. व्हरांड्यातल्या खुर्चीला हार घातला. मग पुढं जाऊन गेटची कडी लागलीय की नाही ते बघितलं. काल कुणीतरी काढली होती. आतून लावली. मागून बाहेर पडलो, वळसा घालून रस्त्यावर आलो. ओढायला हात घातला आणि थांबलो. लावली मीच होती.

समोर निकमभाऊ गॅलरीत बसलेले.

"भाऊ," मी हाक मारली, "जरा ओढून बघता का?"

"लागलेली दिसतेय की इथून."

"न बघता पास नाय. खाली या."

"अहो पण तिथं आता आहे काय एवढं?"

"तुमी या तर."

मग जिना वाजला. निकमभाऊ एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात. इतक्या जवळून मी त्यांना किती दिवसांत बघितलं नव्हतं. त्यांनी गेटला हात घातला, ओढलं.

"पास," मी म्हणालो. "आज जेवण काय करणार, भाऊ?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

"कशाला हवंय?" म्हणाले.